मदत हवी आहे: लिनक्स सुरू होताना लोगो गायब, नुसती पांढरी अक्षरं (अर्जंट)

कोपरी_झेरॉक्स: ठाण्यात झेरॉक्स-डीटीपीचं दुकान आहे. पीसी चालू केला की आधी मस्त लोगो यायचा. आता काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं धावतात आणि मध्येच अडकून बसतो. समोर उभं असलेलं गिऱ्हाईक "व्हायरस आलाय का?" विचारतं. लोगो परत कसा आणायचा तेवढं सांगा. गूगल करून झालंय.

टर्मिनलवाली: कुठलं लिनक्स? ग्राफिक्स कार्ड कुठलं? आधी काय बदललंत?

जुनं_खोड: अक्षरं दिसतात ते बरंच की! मी ग्रबमधून (पीसी चालू होताना लिनक्स उठवणारा प्रोग्रॅम) 'क्वायट' आणि 'स्प्लॅश' हे अक्षरं लपवून लोगो दाखवणारे दोन्ही शब्द उडवलेत. लोगो म्हणजे फोडावर पावडर.

कोपरी_झेरॉक्स: @जुनं_खोड तुम्हाला कळतं हो, गिऱ्हाइकाला नाही कळत. @टर्मिनलवाली मिंट. बदललं काहीच नाही.

घणसोलीकर: एसएसडी टाका राव. माझा पीसी इतका पटकन उठतो की लोगो बघायला वेळच मिळत नाही.

कोपरी_झेरॉक्स: एसएसडीच आहे! गेल्या महिन्यात टाकली, तेव्हाच एनव्हिडियाचं सेकंडहँड कार्ड बसवलं.

टर्मिनलवाली: आणि म्हणे बदललं काहीच नाही 🙏 लोगो दाखवतं ते प्लायमाउथ. एनव्हिडियाचा ड्रायव्हर उशिरा लोड झाला की ते अक्षरांवर घसरतं. ग्रबच्या ओळीत एनव्हिडिया-डीआरएमचं मोडसेट १ करा, मग बदल लागू व्हायला अपडेट-ग्रब आणि अपडेट-इनिट्रॅमएफएस या कमांड चालवा. पण अडकतो कुठे? शेवटची ओळ वाचून सांगा.

फेडोराप्रेमी: प्लायमाउथ २००८ साली फेडोरा या लिनक्सच्या १०व्या आवृत्तीत आलं. त्याआधीचं आरएचजीबी लोगोसाठी अख्खा एक्स सर्व्हर (पडद्यावर खिडक्या-चित्रं दाखवणारी यंत्रणा) उठवायचं. फेडोराच टाका, कटकट नाही.

जुनं_खोड: दुकान चालवायचंय त्यांना, दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती कोण टाकत बसणार? आणि एनव्हिडियाचा ड्रायव्हर फेडोरात तरी आयता कुठे मिळतो?

फेडोराप्रेमी: एक आवृत्ती साधारण १३ महिने चालते. माहिती घेऊन बोला.

थीमवेडा: डिफॉल्ट.प्लायमाउथ हा लोगोची थीम ठरवणारा पर्याय अपडेट-अल्टरनेटिव्ह्ज या कमांडने बदलला की फिरणारा गोल येतो. मी दुकानाचं नावही टाकून देऊ शकतो.

कोपरी_झेरॉक्स: "अ स्टार्ट जॉब इज रनिंग" असं काहीतरी, पुढे मोठा नंबर आणि १ मिनिट ३० सेकंद. जुनी हार्डडिस्क काढून भाच्याला दिली, पण तिचा लोगोशी काय संबंध?

टर्मिनलवाली: लोगोशी नाही, अडकण्याशी आहे. त्या डिस्कवर स्वॅप (रॅम कमी पडली की वापरायची जागा) असणार. सिस्टिमडी (लिनक्स उठताना बाकी सगळं सुरू करणारा प्रोग्रॅम) ९० सेकंद तिची वाट बघतं आणि मग नाद सोडतं. एफएसटॅबमध्ये (कुठल्या डिस्क जोडायच्या त्याची यादी असलेली फाइल) स्वॅपच्या ओळीत तोच मोठा नंबर, म्हणजे डिस्कच्या भागाची ओळख, आहे ना, आधी ताडून बघा. असेल तर त्या ओळीच्या सुरुवातीला # टाका, म्हणजे ती ओळ वाचली जाणार नाही.

जुनं_खोड: बघा! लोगो असता तर ही ओळ दिसली असती का?

टर्मिनलवाली: एस्केप दाबलं की दिसते, काका.

कोपरी_झेरॉक्स: झालं! लगेच चालू होतो, लोगोही आला. पण त्याच्या आधी मदरबोर्डवाल्याचा लोगो येतो, तो घालवता येईल का?

जुनं_खोड: तो बायोसचा (मदरबोर्डमधला, लिनक्सच्या आधी चालणारा प्रोग्रॅम). तिथल्या बूटच्या पानावर फुल स्क्रीन लोगो बंद करा.

घणसोलीकर: बायोसमध्ये जाताच आहात तर वीज आल्यावर पीसी आपोआप चालू व्हायचा पर्याय कुठे असतो? माझ्यात सापडत नाहीये.

टर्मिनलवाली: वेगळा धागा काढा. आणि मदरबोर्डचं मॉडेल पहिल्याच ओळीत लिहा.