सर्व्हरवर फक्त टर्मिनल आहे, नोडचा (सर्व्हरवर चालणाऱ्या जावास्क्रिप्टचा) कोड डीबग कसा करायचा?

प्रश्न: ऑर्डरची टोटल मधूनच नॅन (‘नॉट अ नंबर’, म्हणजे आकडाच नाही) येतेय, लोकलला सगळं बरोबर चालतं आणि स्टेजिंगला (लाइव्हआधीच्या टेस्ट सर्व्हरला) एसएसएच सोडून काहीच नाही. कन्सोल लॉग टाका, रीस्टार्ट करा, परत तेच, वैताग आलाय नुसता. टर्मिनलवरून ब्रेकपॉइंट (कोड ठरावीक ओळीवर थांबवायची खूण) लावता येतो का?

उत्तर १: येतो की! नोडमध्येच डीबगर आहे, वेगळं काही इन्स्टॉल करायला नको. ‘नोड इन्स्पेक्ट’ आणि पुढे फाइलचं नाव, की पहिल्याच ओळीवर थांबतो. टोटलच्या फंक्शनमध्ये ‘डीबगर’ एवढीच ओळ टाक, मग सी दाबलंस की रिक्वेस्ट आल्यावर बरोबर तिथे थांबेल. एन म्हणजे पुढची ओळ, एस फंक्शनच्या आत, ओ बाहेर. थांबल्यावर ‘रेपल’ टाइप कर आणि व्हेरिएबलचं नाव लिही, त्या क्षणाची व्हॅल्यू समोर येते, लॉगपेक्षा हे कितीतरी भारी.

उत्तर २: चालू प्रोसेस बंद करायची नसेल तर ‘नोड इन्स्पेक्ट’ला मायनस पी लावून पीआयडी (त्या प्रोसेसचा नंबर) दे. पण प्रॉडक्शनवर ब्रेकपॉइंट प्लीज लावू नका, जावास्क्रिप्ट एकाच थ्रेडवर चालतं, तू थांबलास की सगळ्यांच्याच रिक्वेस्ट अडकल्या.

उत्तर ३: आणि डीबगरचा पोर्ट ९२२९ बाहेर उघडा ठेवू नका रे, जो जोडला जाईल तो सर्व्हरवर हवा तो कोड चालवू शकतो. टर्मिनलऐवजी क्रोम डेव्हटूल्स (ब्राउझरमधला डीबगर) हवं असेल तर एसएसएच टनेल करा, म्हणजे एसएसएचमधूनच त्या पोर्टला जोडा.

प्रश्नकर्ता: सापडलं! काही जुन्या ऑर्डरमध्ये डिस्काउंट फील्डच नाही, रेपलमध्ये लगेच अनडिफाइंड (व्हॅल्यूच नाही) दिसलं. मनापासून थँक्स सगळ्यांना.