फुलं बघायला पावसाळाच कशाला?

बरेच जण म्हणतात की फुलं बघायची तर पावसाळ्यात कास पठार गाठावं, बेळगावात उन्हाळ्यात काय आहे? अहो, फाल्गुनात एकदा सकाळी सातला टिळकवाडीतल्या व्हॅक्सिन डेपोच्या झाडीभरल्या आवारात चक्कर मारा, नाहीतर कॅम्पातल्या, म्हणजे लष्करी छावणीच्या भागातल्या, जुन्या झाडांखालून चाला. मान वर ठेवून!

दिवस मोकळा असेल तर खानापूरवरून जांबोटीकडे निघा. पळस आणि पांगारा गाडीतूनही दिसतात, पण काटेसावरीखाली उतराच. तिचं फूल धप्पकन पडतं. उचलून बघा: पाच जाड, मेणचट पाकळ्या, मध्ये पुंकेसरांचा झुबका. वर मैना आणि शिंजीर मधासाठी नुसता कालवा करत असतात.

माझी खरी आवडती मात्र अंजनी. जांभळट निळी बारीक फुलं थेट फांदीलाच चिकटलेली, जणू कुणी लाकडावर नीळ शिंपडलीय. हा बहर जेमतेम काही दिवसांचा, म्हणून पुढच्या रविवारवर ढकलू नका. करवंदीच्या जाळीपाशीही थांबा, वास आधी येतो, पांढरी फुलं मग दिसतात.

फांद्या तेवढ्या मोडू नका हो. खाली पडलेली फुलंच ओंजळभर मिळतात. बहाव्यासाठी एप्रिल-मेमध्ये परत यावं लागेल.