लळिंगच्या कुरणात सायकलला वाट मागायची, पण कुठून?

देवपूरचा_सायकलवाला
आम्ही सहा-सात जण दर रविवारी पहाटे धुळ्याहून लळिंगला माउंटन बाईक घेऊन जातो. लांडोर बंगल्याच्या बाजूला कुरणात पायवाटा शिरतात, त्यावर चार वर्षं सायकल चालवली. टेकडीवरून सरळ खाली येणारी एक वाट सगळ्यांची लाडकी. यंदा पहिल्या मोठ्या पावसानंतर गेलो, तर आमच्या टायरच्या रेघेतून पाणी धावून वीतभर खोल घळ पडलेली. खाली पाणी अडवायला उताराला आडवा खोदलेला समतल चर आहे, त्याचा बांधही तिनेच फोडला होता. इथे मुरूम बोट-दोन बोटं, खाली काळा कातळ. एकदा गेलेली माती परत येत नाही. तो चर कुणीतरी भर उन्हात कुदळीने खोदला असणार. मी सायकल हातात धरून खाली आलो.

राखीव वनात विनापरवाना शिरणं १९२७ च्या वन कायद्याने गुन्हा आहे, हेही आम्ही कधी मनावर घेतलं नाही. आता रीतसर अर्ज करायचाय. वणवा पसरू नये म्हणून वन खातं गवत काढून मोकळे पट्टे ठेवतं, त्या जाळरेषा. फक्त तेवढ्याच मागितल्या तर?

मेंढरांमागे
दादा, राग नका मानू. आमचं घर ठेलाऱ्याचं, म्हणजे मेंढपाळाचं. चराईबंदी लागली तेव्हा बापाने निम्मी मेंढरं विकली. कायद्याच्या ज्या कलमात विनापरवाना शिरण्याला मनाई आहे, त्याच कलमात गुरं चारण्यालाही आहे. आम्हाला बंदी आणि शहरातल्या सायकलींना वाट, हे गावात कोण ऐकून घेईल? अर्ज द्यायच्या आधी गावच्या वन समितीत येऊन बसा. साक्री तालुक्यातल्या बारीपाडा गावात चैत्राम पवारांनी जंगल राखलं ते गावानेच कुऱ्हाडबंदी-चराईबंदी घालून घेतली म्हणून. वरून कागद आणला तर वाटेवर काटे पडतील.

चांडोळ_जळगाव
जाळरेषेची कल्पना ऐकायला बरी, पण भाऊ, टिटवीला तशीच उघडी जागा लागते. ती घरटं बांधत नाही, खड्यांमध्ये खळगा करून चार अंडी घालते, आणि अंडी खड्यांसारखीच दिसतात. मार्च ते ऑगस्ट हा तिचा काळ. तित्तर, चांडोळही जमिनीवरच. पावसात लांडोरी गवतात अंड्यावर बसतात. तुम्ही वेगात असता तेव्हा टिटवी डोक्यावर ओरडत फिरते ना? ती तुम्हाला थांबा म्हणत असते.

घाटवाट_नाशिक
मी वाटा आखायला मदत केली आहे. चूक सायकलची कमी, वाटेच्या दिशेची जास्त. उताराला सरळ उतरणारी वाट म्हणजे पाण्याचा पाटच. वाट डोंगराला आडवी न्यायची, तिचा चढ त्या उताराच्या निम्म्याहून कमी ठेवायचा आणि बाहेरच्या कडेला किंचित कलती करायची, म्हणजे पाणी वाटेवरून न धावता आडवं निघून जातं. समतल चर खोदणाऱ्यांना ही नजर असते, त्यांनाच आखायला बोलवा. जाळरेषा पुष्कळदा सरळ डोंगरावर चढतात, त्या नकोतच. सपाटीच्या तेवढ्या घ्या.

देवपूरचा_सायकलवाला
चांडोळ ताई, टिटवीचा तो ओरडा मी शंभरदा ऐकलाय आणि पुढे गेलोय. आता कानातून जात नाही.

अर्ज थांबवला. आधी समितीत जातो. मागणी एवढीच: सपाटीची एकच जाळरेषा, गवत कापून झाल्यावर दिवाळीनंतरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत. मार्च लागला की सायकली बाहेर. वणव्याच्या दिवसांत रविवारी पहाटे आम्ही महामार्गाच्या कडेने पायी फिरू, धूर दिसला की वनरक्षकाला फोन करू. सायकलींना होकार मिळो न मिळो, फुटलेला बांध मात्र विचारून आम्हीच घालणार. मेंढरांमागे दादा, कुठून कसा घालायचा ते दाखवायला याल का? कुदळी आमच्या.

मेंढरांमागे
येतो. पानी उघडू द्या आधी. ओल्या मुरमात बांध बसत नाही.