वादळ येण्याआधी आणि गेल्यावर : तुमच्या घरचे अनुभव

वाडीतली सून
निसर्ग वादळानंतर लावलेल्या पोफळीला (सुपारीच्या झाडाला) यंदा पहिला घड धरलाय. जाऊबाईंनी सकाळी फोटो पाठवला आणि ३ जून २०२० पुन्हा डोळ्यांसमोर उभा राहिला, म्हणून हा धागा काढतेय.

आमचं श्रीवर्धन. सासऱ्यांनी आदल्या दिवशीच बजावलं होतं की पत्र्याच्या पडवीत कोणी थांबायचं नाही, सगळ्यांनी मधल्या खोलीत बसायचं. गुरं दाव्याला न बांधता मोकळी सोडली. ताशी ११०-१२० किलोमीटरचा वारा म्हणजे काय, ते बातमी ऐकून कळत नाही हो. पोफळी जमिनीला टेकेपर्यंत वाकायच्या, परत उभ्या राहायच्या. मग अचानक सगळं शांत झालं. शेजारची मुलं बाहेर पडली तर सासरे ओरडले, "आत व्हा, आता उलटा येईल!" आणि आलाच. एका बाजूने तग धरलेल्या पोफळी दुसऱ्या बाजूच्या वाऱ्याने मधूनच काडकन मोडल्या. संध्याकाळी मागच्या दारात उभी राहिले तर समुद्र दिसत होता. लग्न होऊन आल्यापासून त्या दारातून समुद्र कधी दिसला नव्हता.

कौलं चढवून घर उभं राहतं. वाडीचं तसं नाही. पोफळ लावली की फळ धरायला पाच-सात वर्षं जातात. वरची सावली गेली की खालची जायफळं करपतात, पोफळीवर चढवलेली मिरी आडवी होते. तुमच्याकडे काय झालं? लिहा सगळ्यांनी.

बंदरावरचा
हर्णै. बोटी आदल्या दिवशीच आंजर्ल्याच्या खाडीत नेल्या, दोर दुहेरी बांधले. तरी एकमेकींवर आपटून फळ्या फुटल्याच. पण माणसं घरी होती. २००९ च्या नोव्हेंबरात फयान आलं तेव्हा माणसं समुद्रात होती ताई. तेव्हापासून इशारा आला की आमच्याकडे कोणी वाद घालत नाही.

माहेर दापोली
मी मुंबईत, आईबाबा तिकडे. मोबाईलचे टॉवर बंद, वीज नाही, लॉकडाऊन असल्यामुळे एसटी पण नाही. ई-पास काढून गेलेल्या एका ओळखीच्या दादांनी घराचा फोटो आणला. छप्पर नव्हतं, पण अंगणात आई उभी होती. अजून लिहवत नाही नीट, नंतर येते.

वाडीतली सून
अगं, सावकाश लिही. नाही लिहिलंस तरी चालेल.

कैरीवाली देवगड
आमच्याकडे तौक्ते, १६ मे २०२१. हंगाम अजून संपला नव्हता, बागेत हापूसचा सडा. आपटलेला आंबा आतून डागतो, पेटीत भरता येत नाही. साली काढून फोडी करून आंबोशी घालायची तर ऊन कुठाय! चुलीवर परड्या टांगून सुकवली. वाईट वाटतं ते जुन्या कलमांचं, सासऱ्यांच्या वडिलांनी लावलेली मुळासकट पडली.

खानावळ
आंबोशी धुरावर काळी नाही पडत का?

कैरीवाली देवगड
पडते थोडी. आमटीत घालायला चालते, वाल किंवा मसूर. गूळ जरा जास्त घाला.

टेक्सासातून
ह्यूस्टन, ऑगस्ट २०१७, हार्वी. आमच्याकडे वाऱ्यापेक्षा पावसाने घात केला, काही भागांत ५० इंचांवर पडला. बाथटब भरून ठेवला होता, तेच पाणी संडासाला वापरलं. पाणी ओसरल्यावर भिंतीचं शीटरॉक (जिप्समचे तक्ते) चार फुटांपर्यंत कापून काढलं, नाहीतर आत बुरशी धरते. भिंतीत भरलेलं ओलं इन्सुलेशन रस्त्याकडेला, गाद्या रस्त्याकडेला, मुलांची पुस्तकं पण. अमेरिकेत राहणाऱ्यांसाठी सांगते, घराच्या नेहमीच्या विम्यात पूर धरत नाहीत. तो विमा वेगळा घ्यावा लागतो आणि साधारणपणे ३० दिवसांनी लागू होतो, त्यामुळे वादळाची बातमी आल्यावर धावपळ करून उपयोग नाही. आजच बघा.

मुरूडचा नातू
विम्याचं राहू दे, आमच्याकडे भरपाई हेक्टरी. वाढवून ५० हजार केली होती, पण कोकणात हेक्टर कुणाकडे आहे? दहा गुंठ्यांच्या वाडीला पाच हजार होतात. त्यात पडलेले माड तोडून बाहेर काढायची मजुरीसुद्धा सुटत नाही. ओरड झाली तेव्हा झाडामागे दर ठरला.

बंदरावरचा
अगदी. आणि लाकूड कापायचं मशीन अख्ख्या गावात एक.

माहेर दापोली
आले परत. विजेचे खांब गावातल्या पोरांनी खांद्यावरून वाहून नेले, हे लिहायचं राहिलं. बाहेरच्या जिल्ह्यांतून आलेल्या वायरमन दादांना बाबा रोज पेज आणि पापड द्यायचे. जनरेटर आळीपाळीने दारोदार फिरायचा, आधी पाण्याची टाकी भरायची आणि मग मोबाईल. आजीने मात्र विहिरीवर रहाटच पसंत केला.

खानावळ
आजींना माझा नमस्कार सांगा.

मुरूडचा नातू
वाडीतल्या वहिनी, पोफळीची रोपं कुठून आणलीत? आमची निम्मी वाडी अजून मोकळीच आहे.

वाडीतली सून
श्रीवर्धनलाच सुपारी संशोधन केंद्र आहे भाऊजी, तिथे विचारा. पावसाच्या तोंडावर मागणी फार असते, आधी नाव घाला. आणि उघड्यावर एकटी पोफळ लावू नका, उन्हाने भाजते. आधी केळी लावा, त्यांच्या सावलीत रोप घाला.

मुरूडचा नातू
केळीचे मुनवे (कोंब) आहेत घरचे. या रविवारीच खड्डे मारायला घेतो.