प्लेटलेट ४८,०००, पण त्रास काहीच नाही

प्रश्न
माझे वडील ६३ वर्षांचे आहेत आणि आम्ही कोथरूडला राहतो. त्यांच्या वार्षिक रक्ततपासणीत हिमोग्लोबिन व्यवस्थित आले, परंतु प्लेटलेट केवळ ४८,००० निघाल्या. ताप नाही, हिरड्यांतून रक्त नाही, अंगावर लाल ठिपकेही नाहीत. पुण्यात पावसाळ्यात प्लेटलेट कमी म्हटले की डेंगीचीच शंका येते, त्यामुळे घरातील सर्व जण धास्तावले आहेत. अहवालाच्या तळाशी ‘प्लेटलेटचे पुंजके दिसतात’ असे लिहिले आहे. त्याचा अर्थ काय?

प्रतिसाद १
मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करतो. तळाची ती ओळच येथे सर्वांत महत्त्वाची आहे. हिमोग्रॅमसाठी रक्त जांभळ्या झाकणाच्या नळीत घेतात. तिच्यातील ईडीटीए हे रसायन रक्तातील कॅल्शियम बांधून ठेवते आणि रक्त गोठू देत नाही. मात्र काही व्यक्तींच्या रक्तात अशी प्रतिद्रव्ये असतात, की जी ईडीटीएच्या सान्निध्यात प्लेटलेटना एकमेकींना चिकटवतात, आणि नमुना जितका वेळ पडून राहील तितके पुंजके वाढत जातात. यंत्र आकारावरून मोजणी करत असल्याने पुंजक्यातील प्लेटलेट मोजणीतून सुटतात. मोठा पुंजका तर कधी पांढरी पेशी म्हणूनही मोजला जातो. घट नळीत झालेली असते, शरीरात नव्हे. निळ्या झाकणाच्या, सायट्रेटच्या नळीत नव्याने रक्त देऊन लगेच मोजणी करून घ्यावी आणि स्मिअर, म्हणजे काचपट्टीवर पसरलेला रक्ताचा पातळ थर, पॅथॉलॉजिस्टकडून तपासून घ्यावा. सायट्रेट द्रवरूप असल्याने रक्त थोडे पातळ होते, म्हणून येणाऱ्या आकड्याला १.१ ने गुणतात.

प्रतिसाद २
माझ्या आईची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया याच कारणाने तीन आठवडे लांबली होती. तेव्हापासून तिच्या फाइलच्या पहिल्या पानावर ‘ईडीटीएमध्ये प्लेटलेट चिकटतात’ असे लिहून ठेवले आहे. तुम्हीही तसे करावे, कारण प्रत्येक नव्या डॉक्टरांसमोर हा प्रश्न पुन्हा उभा राहतो.

प्रतिसाद १
एक सावधगिरी सांगणे आवश्यक आहे. फेरतपासणीतही आकडा कमी आला, तर पुढचा निर्णय डॉक्टरांनीच घ्यावा. काही थोड्या जणांच्या प्लेटलेट सायट्रेटमध्येही चिकटतात. दरम्यान ताप आला किंवा कोठून रक्तस्राव झाला, तर अहवालाची वाट न पाहता त्यांना दवाखान्यात न्यावे.

प्रश्नकर्ता
आज सकाळी फेरतपासणी केली. सायट्रेटमध्ये १,७०,००० आल्या, म्हणजे गुणाकारानंतर १,८७,०००. स्मिअरवरही प्लेटलेट पुरेशा असल्याचे पॅथॉलॉजिस्टनी लिहिले आहे. दोन्ही अहवाल घेऊन संध्याकाळी आमच्या डॉक्टरांकडे जात आहोत.