भाड्याचं घर आणि आपली माणसं : अनुभव लिहा

मराठवाड्यात भाड्यानं राहणारा माणूस बहुतेक वेळा कशासाठी तरी आलेला असतो. लातूरला, नांदेडला नीटच्या क्लाससाठी, संभाजीनगरला वाळूजच्या कंपनीत नाहीतर विद्यापीठात, परभणीला कृषी विद्यापीठात, किंवा बदलीच्या नोकरीपायी कुठल्या तरी तालुक्याला. मागं गाव असतं आणि गावाकडची माणसं येणारच. दवाखान्याला येतात, कोर्टाच्या तारखेला येतात, भरतीची परीक्षा द्यायला येतात, बस्ता बांधायला येतात. भाडं ठरताना या माणसांचा विषय निघत नाही. निघतो तो पहिला पाहुणा दारात उभा राहिल्यावर.

म्हणून हा धागा. पाहुण्यांवरून, गेट बंद करण्याच्या वेळेवरून, मालकानं न सांगता खोलीत येण्यावरून काय सोसलं आणि कसं सुटलं, ते लिहा. घरमालकांनीही लिहावं, त्यांची बाजू आल्याशिवाय विषय अर्धाच राहील. कुणाचं नाव, गल्ली लिहू नका. माझं मत आधीच सांगतो. भाडं घेतलं की त्या खोलीचा उंबरठा भाडेकरूचा. भिंत मालकाची, टाकी मालकाची, जिना मालकाचा; पण आत कोण बसलंय याची चौकशी करायचा हक्क भाड्याबरोबर मिळत नाही.

लातूर. मुलगी नीटची तयारी करत होती, मी तिची आई.

आम्ही अहमदपूर तालुक्यातले. मुलीला क्लासजवळ खोली करून दिली, दोघी मैत्रिणी मिळून. मालकीणबाई मायाळू. पोरी आजारी पडल्या की काढा करून द्यायच्या. पण खोलीची एक किल्ली त्यांच्याकडं असायची आणि पोरी क्लासला गेल्या की त्या आत जायच्या. कळलं कसं, तर पसरलेल्या वह्या नीट रचून ठेवलेल्या, पलंगाखालची ट्रंक पुढं ओढलेली, लाडवाच्या डब्याचं झाकण वाकडं बसलेलं. चोरी काहीच नाही. ‘पोरीची जात, लक्ष ठेवावं लागतं. तुम्हीच माझ्या भरवशावर ठेवलीय ना,’ असं त्यांचं म्हणणं. आणि माझी मुलगी कपडे बदलताना दाराला आतून खुर्ची लावायची, कारण घरात असतानाही बाई दार ढकलून यायच्या.

परीक्षेच्या तोंडावर तिला ताप आला म्हणून मी जाऊन राहिले. मालकांनी रात्रीमागं पैसे मागितले, पाण्याचे म्हणून. दिले. पण त्याच दिवशी बाईंना म्हणाले, ‘ताई, पाणी विकतचं आहे हे मला कळतं, पैसे घ्या. पण ती किल्ली द्या. लक्ष ठेवा, दार वाजवून ठेवा.’ त्यांना राग आला. काही दिवस बोलल्या नाहीत. मग किल्ली आणून दिली. मुलगी शेवटपर्यंत तिथंच राहिली. बाई येत राहिल्या, दार वाजवून.

लातूर, घरमालक.

ताईंनी पाण्याचं लिहिलंय त्यावर बोलतो. २०१६ ला मांजरा धरण कोरडं पडलं आणि मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं. त्या उन्हाळ्यात टँकर विकत घेऊन मी पोरांना पाणी पुरवलं. खोलीत दोघांचे चौघं झाले की टाकी दुपारीच खडखडीत. तेव्हा जिन्यात पाटी लावली, ‘पाहुणे चालणार नाहीत’. पुढं पाऊस झाला, धरण भरलं, पाटी तशीच होती. एका पोरानं सरळ विचारलं, ‘आप्पा, आता टाकी भरलेली असती, मग पाटी कशाला?’ मी पाटी काढली. वरच्या मजल्याला वेगळी टाकी बसवली. आता वरच्यांनी आपापसात ठरवायचं, पाहुण्याला बादली द्यायची का दोन. पाण्याची अडचण असेल तर पाण्याचा नियम करावा, माणसांचा कशाला?

दुसरी बाजूही ऐका. ‘मित्र आलाय’ म्हणून आलेला एक पोरगा मेसचा डबा लावून वर्षभर राहिला. नंतर कळलं, माझा भाडेकरू त्याच्याकडून महिन्याचे पैसे घेत होता. अशा वेळी मालक चौकशी करणारच, आणि ती केली पाहिजे.

नांदेड, परिचारिका.

आमच्या मालकांचं गेट रात्री दहाला बंद होतं. माझी दुपारपाळी सुटून घरी पोचायला साडेदहा होतात. रोज फोन करून गेट उघडून घ्यायचं आणि रोज ऐकायचं, ‘एवढ्या रात्री कुणी सोडलं?’ सोडायला कधीकधी सहकारी येतो, कारण त्या वेळी ऑटोनं एकटं यायला भीती वाटते. त्याचं नाव-गाव मालकांना हवं असतं. मी दिलेलं नाही, देणारही नाही. अजून सुटलेलं नाही.

वाळूज, कंपनीत कामाला.

आमच्याकडं पत्र्याच्या खोल्यांच्या रांगा. दहा बाय दहाची खोली, बाहेर सामाईक नळ. गावाकडचं पोरगं काम शोधायला आलं की ओळखीच्याकडंच उतरणार, लॉजला कुठून जाईल? मालक सकाळी दारासमोरच्या चपला मोजायचे. एक जोड जास्त दिसला की हाक, ‘कोण यायलंय रे तुमच्याकडं?’ रात्रपाळी करून झोपलेल्या माणसानं उठून हिशेब द्यायचा. आम्ही चपला आत घ्यायला लागलो.

मग एका मे महिन्यात वडील घाटी दवाखान्यात दाखवायला आले. पुढची तारीख मिळाली म्हणून थांबले. मालकांनी ‘पाहुणा जाईस्तोवर’ म्हणून आमच्या खोलीची लाईट तोडली. पत्र्याखाली पंख्याशिवाय काय होतं ते राहणाऱ्यालाच माहीत. वडिलांना अंगणात झोपवलं, अंगावर ओलं धोतर टाकलं, आणि मी रात्रभर पुठ्ठ्यानं वारा घालत बसलो. सकाळी रांगेतली सगळी माणसं मालकाच्या दारात गेली, तेव्हा लाईट आली. आमच्यापैकी कुणाकडंही करार नव्हता, पावती नव्हती. तक्रार करायची तर कशाच्या जोरावर? वकील मंडळी असतील तर सांगा.

अंबाजोगाई, वकिली करतो.

वाळूजच्या भाऊंसाठी. आपल्या भागाला पूर्वी १९५४ चा हैदराबादचा घरभाडे कायदा लागू होता. त्याची जागा महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ नं घेतली, ३१ मार्च २००० पासून. तो परिशिष्टात दिलेल्या ठिकाणांना लागू होतो, तेव्हा आपलं गाव त्यात आहे का ते आधी पाहून घ्यावं.

तुमच्या कामाचं कलम २९ आहे. सबळ कारण नसताना मालकाला भाडेकरूचं पाणी, वीज, जिन्यातला दिवा बंद करता येत नाही. केल्यास कोर्टाकडून ते परत चालू करून घेता येतं, आणि मालकाला शिक्षाही होऊ शकते. करार नव्हता म्हणून तुम्ही घाबरलात, पण कलम ५५ उलटं सांगतं. करार लेखी करून नोंदवायची जबाबदारी मालकाची आहे. त्यानं ती पाळली नाही, तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं, मालक वेगळं सिद्ध करेपर्यंत. भाड्याची पावती देणंही सक्तीचं आहे. तोवर भाडं फोनवरून खात्यात टाका, ती नोंद तरी हातात राहते.

लातूरच्या ताईंच्या किल्लीबद्दल कलम २८ आहे. मालक जागा पाहू शकतो, पण आधी कळवून आणि रास्त वेळी. भाडेकरू असो की लिव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे ठरावीक मुदतीपुरत्या वापराच्या परवानगीवर राहणारा, दोघांनाही हे आहे.

पाहुण्यांवर मात्र या कायद्यात एक ओळही नाही. शेजाऱ्यांना उपद्रव आणि परस्पर पोटभाडेकरू ठेवणं, ही दोन्ही भाडेकरूला काढायची कारणं आहेत. सासरे चार दिवस राहायला येणं यातल्या कशातच बसत नाही. पण आपल्याकडं बहुतेक घरं अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर जातात. तिथं करारात लिहिलेली अट महत्त्वाची, आणि मुदत संपली की मालक जागा परत मागू शकतो. म्हणून सही करायच्या आधी ती पानं वाचा. पुट्टस्वामी प्रकरणात २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपणाला मूलभूत हक्क म्हटलं हे खरं, तरी तो हक्क मुख्यतः सरकारविरुद्ध मागता येतो. मालकाशी वाद झाला की करारपत्रच कामाला येतं.

जालना जिल्हा, शिक्षिका, एकटी राहते.

मालकांनी चोरीच्या भीतीनं कॅमेरा बसवला, त्याला माझी ना नव्हती. पण तो बरोबर माझ्या दारावर रोखलेला. दार उघडलं की आतली खाट दिसायची. मालकांचा मुलगा ते मोबाईलवर बघायचा. एकदा सहज बोलून गेला, ‘मॅडम, काल भाऊ आठला आले आन् साडेनऊला गेले नाही का?’ पोटात गोळा आला. भावाच्या आधारची झेरॉक्सही मागून झाली होती, ‘पोलिसांना द्यायला लागते’ म्हणून. मी ठाण्यात जाऊन विचारलं. भाडेकरूची माहिती द्यायची असते, ती माझी दिलेलीच होती. भावाची कुणी मागितली नाही.

शाळेतल्या दोन वयस्कर शिक्षिकांना घेऊन मी मालकांकडं गेले. चहा झाला, मग एकीनं त्यांच्या सुनेलाच मोबाईलवर ते चित्र दाखवलं आणि विचारलं, ‘तुमच्या खोलीचं दार असं दिसलं तर?’ उत्तर सुनेनंच सासऱ्यांना दिलं. कॅमेरा आता गेटकडं तोंड करून आहे.

बीड जिल्हा, कनिष्ठ महाविद्यालयात शिकवतो.

खोली घेताना मालकांनी आडनाव विचारलं, गाव विचारलं, पण त्यांना अंदाज लागला नाही. कित्येक महिने माझ्याकडं कोण येतं-जातं याची कुणी विचारपूस केली नाही. सहकारी जेवायला आले की मालकच खालून खुर्च्या पाठवायचे. मग १४ एप्रिलला मित्र निळे फेटे बांधून मिरवणुकीआधी घरी आले, खीर खाल्ली, गेले. दुसऱ्या दिवशी नियम निघाला, ‘बाहेरची माणसं आणायची नाहीत, जिना खराब होतो.’ जिना मी स्वतः पुसला होता. पुढं ‘मुलाचं लग्न ठरलंय’ म्हणून खोली खाली करायला सांगितली. लग्न झालं नाही, दुसरा भाडेकरू आला.

वर पाण्याचं वाचलं, पोटभाडेकरूचं वाचलं, पटलं. पण कधी कधी पाहुण्यांचा नियम पाहुण्यांबद्दल नसतोच. माझा मुसलमान मित्र म्हणतो, त्याच्यावर नियम ऐकायची वेळच येत नाही; फोनवर नाव सांगितलं की खोली ‘कालच गेलेली’ असते. यासाठी करारात कुठलं कलम घालून घ्यायचं, ते वकीलसाहेबांनी सांगावं.

परभणी.

आमच्या मालकीण मावशी पाहुणा आला की वरून गादी खाली पाठवायच्या. एवढंच लिहायचं होतं. अशीही घरं आहेत.

धागा काढणारा, संभाजीनगर.

बीडच्या सरांना माझ्याकडं उत्तर नाही. तुमचं लिहिणं मी घरात सगळ्यांना वाचून दाखवलं.

कुणाला उपयोग होईल म्हणून माझ्या चालू करारातले शब्द देतो : ‘नातेवाईक व मित्रांच्या येण्यास हरकत राहणार नाही. सलग पंधरा रात्रींहून अधिक मुक्काम असल्यास मालकास कळवावे. मालकाने खोलीत येण्यापूर्वी आदल्या दिवशी फोनने कळवावे. आग, गळती यांचा अपवाद.’ मालकांनी एक ओळ वाढवून घेतली, टँकर मागवावा लागला तर खर्च खोल्यांवर वाटून. आमच्याकडं नळाला पाणी कितीतरी दिवसांनी येतं, त्यामुळं मला ती रास्त वाटली.

नांदेडच्या ताई, नव्या करारात गेटची एक किल्ली तुमच्याकडं राहील एवढं एक वाक्य घालून घ्या. दुपारपाळीचा तक्ता मालकांना दाखवा, पण सोडायला येणाऱ्याचं नाव देऊ नका. नाहीच म्हणाले तर इथं लिहा; नांदेडचं कुणी खोली देणारं हे वाचत असेल तर त्यांनीही लिहावं.