आयोवाचे उदाहरण
अमेरिकेतील विद्यापीठांच्या अमेरिकन फुटबॉलमध्ये भरतीच्या वेळी ज्याच्या पदरात चार-पाच तारांकित (म्हणजे वरची श्रेणी मिळालेली) मुले जास्त पडतात तोच प्रशिक्षक थोर, असे म्हटले जाते. हा मुद्दा अलाबामा किंवा ओहायो स्टेट या बड्या संघांपुरता मान्य केला, तरी आयोवा विद्यापीठाला तो लागू पडत नाही. तिथले प्रशिक्षक कर्क फेरेन्ट्झ यांच्या पहिल्या हंगामात, 1999 मध्ये, संघाने जेमतेम एक सामना जिंकला होता. 2002 मध्ये तोच संघ बिग टेन या आपल्या विद्यापीठ-गटातील सामन्यांत अपराजित राहिला. त्यातला डॅलस क्लार्क शिष्यवृत्तीविना, लाइनबॅकर (बचावातला खेळाडू) म्हणून आलेला होता. त्याला टाइट एंडच्या (आक्रमणात अडवणारा आणि पासही झेलणारा खेळाडू) जागी नेल्यावर देशातील सर्वोत्तम टाइट एंडचा मान मिळाला. रॉबर्ट गॅलरी मात्र टाइट एंड म्हणून आला, वजन वाढवून टॅकल (आक्रमणाच्या फळीत अडवण्याचे काम करणारा खेळाडू) झाला आणि 2004 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक संघांच्या खेळाडू-निवडीत, दुसऱ्या क्रमांकावर निवडला गेला.

अशा घडणीमागची फारशी चर्चेत न येणारी गोष्ट म्हणजे रेडशर्टचे, म्हणजे सामने न खेळता थांबण्याचे, वर्ष. पाच वर्षांत चार हंगाम खेळण्याची मुभा असल्यामुळे नवख्याला पहिल्या वर्षी बाहेर ठेवता येते (2018 पासून चार सामन्यांपर्यंत खेळूनही ते वर्ष वाया जात नाही). या काळात तो व्यायामशाळेत घाम गाळतो आणि सरावात पुढच्या प्रतिस्पर्ध्याची नक्कल करतो: प्रशिक्षक कार्डावर काढलेली चाल दाखवतात, आणि ती आपल्याच पहिल्या फळीविरुद्ध खेळायची. हे काम कंटाळवाणे खरे, पण शिकायला मिळते ते तिथेच. अर्थात, 2021 पासून विद्यापीठ बदलल्यावर एक वर्ष बाहेर न बसता लगेच खेळता येऊ लागल्याने इतकी वाट पाहणारी मुले टिकवणे फेरेन्ट्झ यांनाही सोपे राहिलेले नाही.